सुपरडोमवरचे हार्डवेअर पार्टिशन कमांड लाइनवरून काढताना

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या सपोर्ट टीममध्ये नव्याने रुजू होणाऱ्यांना लिनक्स येते, क्लाउड येतो. पण त्याच टीमकडे बरेचदा एखाद्या कारखान्याचे जुने एचपी सुपरडोम किंवा आरएक्स८६४० सर्व्हर मशीन सांभाळायला असते, आणि त्यावर एचपी-यूएक्स, म्हणजे एचपीचे युनिक्स, चालू असते. एचपी-यूएक्स ११आय व्ही३ चा नियमित सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ ला संपला. त्यामुळे एकेक काम दुसरीकडे हलवले जाते, मागे रिकामे पार्टिशन, म्हणजे मशीनचा स्वतंत्र चालणारा भाग, उरते आणि ते काढण्याचे तिकीट नव्या माणसाच्या नावावर पडते. हा लेख त्या माणसासाठी आहे.

काढण्याची आज्ञा एका ओळीची आहे. ती तुम्ही कुठे बसून देता आणि त्या वेळी ते पार्टिशन कोणत्या अवस्थेत आहे, या दोन गोष्टी नीट कळल्या की निम्म्याहून अधिक काम झाले. उरलेले काम आज्ञा देण्याआधीच्या चौकशीचे.

आधी मशीन समजून घ्या

या सर्व्हरमध्ये प्रोसेसर आणि मेमरी सेल बोर्डवर असतात. पहिल्या पिढीच्या सुपरडोमच्या एका कॅबिनेटमध्ये आठ सेल बसतात आणि दोन कॅबिनेट जोडली की सोळा. आरएक्स८६४० मध्ये चार. कार्डे, म्हणजे नेटवर्कची, फायबर चॅनेलची, वेगळ्या आय/ओ चासिसमध्ये असतात आणि एकेक चासिस एकेका सेलला जोडलेली असते. एक किंवा अधिक सेल आणि त्यांना जोडलेल्या चासिस मिळून एक एन-पार्टिशन होते. बोलताना सगळे त्याला ‘एनपार’ म्हणतात. प्रत्येक एनपारची ऑपरेटिंग सिस्टीम स्वतंत्र, रीबूट स्वतंत्र, कन्सोल स्वतंत्र. सगळे मिळून जे मशीन होते त्याला ‘कॉम्प्लेक्स’ म्हणतात, आणि कोणता सेल कोणत्या एनपारचा ही नोंद ‘कॉम्प्लेक्स प्रोफाइल’मध्ये असते. ती मॅनेजमेंट प्रोसेसर, म्हणजे एमपी, सांभाळतो.

एनपार काढणे म्हणजे या प्रोफाइलमधली त्याची व्याख्या पुसणे आणि त्याचे सेल मोकळे करणे. डिस्कवरच्या डेटाला यात हात लागत नाही. स्टोरेजवरचे लन, म्हणजे मशीनला दिलेल्या डिस्क, जिथल्या तिथे राहतात. म्हणून ‘पार्टिशन काढले, डेटा गेला’ हेही खरे नाही आणि ‘पार्टिशन काढले, आता डेटा पुसल्यासारखाच आहे’ हेही नाही. डेटा नष्ट करायचा असेल तर ते स्टोरेज टीमचे वेगळे काम आहे, वेगळ्या मंजुरीचे.

नुसते बंद ठेवलेले एनपारसुद्धा आपले सेल धरून ठेवते. ते सेल दुसऱ्याला द्यायचे असतील तर आधी सोडवावे लागतात. मात्र एनपार चालूच ठेवायचे असेल आणि त्यातला एकच सेल हवा असेल, तर सगळे पार्टिशन काढू नका. त्यासाठी पारमॉडिफाय ही आज्ञा आहे. तिकिटात ‘पार्टिशन रिमूव्ह’ लिहिलेले असले तरी मागणाऱ्याला नेमके काय हवे आहे ते एकदा विचाराच. तिकीट लिहिणाऱ्यांमध्ये हा घोळ नेहमी होतो.

आज्ञांच्या नावांबद्दल

इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशा. टर्मिनलवर त्या इंग्रजीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करायच्या. सगळ्यांची सुरुवात ‘पार’ने होते आणि पुढे कृती येते: पारस्टेटस, पारक्रिएट, पारमॉडिफाय, पाररिमूव्ह, पारअनलॉक. ऑप्शनच्या बाबतीत लहान आणि मोठे अक्षर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लहान पी पुढच्या आकड्याच्या पार्टिशनकडे बोट दाखवतो, मोठा पी सगळ्या पार्टिशनची यादी देतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी मी लहान की मोठा ते लिहिले आहे.

तिथे कोण राहते?

मी सगळ्यात जास्त वेळ या पायरीला देतो आणि तुम्हीही द्यावा. ‘ते टेस्टचे आहे, कोणी वापरत नाही’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून ऐकले तरी स्वतः लॉगिन करून बघा.

त्या एनपारवर रूट म्हणून जा. हू आणि लास्ट या आज्ञांनी अलीकडे कोण आले ते कळते. रूटचा आणि अॅप्लिकेशनच्या प्रत्येक युजरचा क्रॉनटॅब वाचा; रात्री दोनला चालणारा एखादा जॉब पगाराची फाइल दुसऱ्या सर्व्हरला पाठवत असू शकतो. शोमाउंट आणि हायफन लहान ए दिले की या मशीनवरून कोणी एनएफएस माउंट केले आहे ते दिसते. नेटस्टॅट आणि हायफन लहान ए एन दिले की जिवंत कनेक्शन दिसतात. ती एकदाच बघून उपयोग नाही. महिनाअखेरीला बघा, कारण काही कामे फक्त तेव्हाच जागी होतात.

मग आयओस्कॅनने हार्डवेअर बघा. जुन्या बसवणुकीत टेप ड्राइव्ह थेट एखाद्या बिनमहत्त्वाच्या एनपारला जोडलेला असतो आणि बाकीच्यांचा बॅकअप नेटवर्कवरून त्याच्यामार्फत जातो. असे एनपार टेस्टचे म्हणून काढले तर त्या रात्रीचे सगळे बॅकअप पडतात.

एनपार सर्व्हिसगार्ड क्लस्टरमध्ये, म्हणजे एक मशीन पडले तर दुसऱ्याने काम उचलायचे अशा जोडणीत, आहे का, हे सीएमव्ह्यूसीएलने कळते. असेल तर त्याची पॅकेजेस, म्हणजे त्यावर चालणारी कामे, दुसऱ्या नोडवर हलवा, सीएमहॉल्टनोडने नोड थांबवा आणि क्लस्टरच्या कॉन्फिगरेशनमधून त्याचे नाव रीतसर काढा. हे राहिले तर उरलेला क्लस्टर त्या नोडची वाट बघत राहतो. एनपारच्या आत व्हर्च्युअल पार्टिशन असतील तर व्हीपारस्टेटसने त्यांची यादी घ्या. ती सगळी बंद झाल्याशिवाय एनपार खऱ्या अर्थाने थांबत नाही.

चालू व्यवस्थेचा उतारा घ्या

आता या आज्ञा देऊन त्यांचे आउटपुट फाइलमध्ये घ्या. फाइल त्या एनपारवर ठेवू नका, दुसऱ्या मशीनवर ठेवा.

पारस्टेटस, हायफन लहान डब्ल्यू: तुम्ही सध्या कोणत्या नंबरच्या पार्टिशनवर आहात ते सांगते.

पारस्टेटस, हायफन मोठा पी: सगळी पार्टिशन, त्यांची अवस्था, सेल किती, कोअर (मुख्य) सेल कोणता आणि नाव.

पारस्टेटस, हायफन मोठा सी: प्रत्येक सेल कुठे आहे, त्यावर प्रोसेसर आणि मेमरी किती, कोणत्या चासिसला जोडला आहे, कोणत्या पार्टिशनचा आहे.

पारस्टेटस, हायफन मोठा व्ही, हायफन लहान पी आणि नंबर: त्या एकाच पार्टिशनचा सविस्तर तपशील.

सोबत सेटबूटचे आउटपुट घ्या, म्हणजे बूटचे मार्ग लिहिलेले राहतील. काही बिघडले आणि तेच एनपार पारक्रिएटने पुन्हा उभे करायची वेळ आली, तर याच कागदांवरून ते होते. चालू सिस्टीमची प्रतिमा हवी असेल तर इग्नाइट-यूएक्सच्या मेक_नेट_रिकव्हरीने आधीच घेऊन ठेवा. जुने मशीन आहे, पुढच्या आठवड्यात कोणीतरी ‘तो एक रिपोर्ट तेवढा हवा होता’ म्हणत येते. तेव्हा तुमच्याकडे काहीतरी असावे.

नंबरांबद्दल सावध राहा. पार्टिशन, सेल, कॅबिनेट, चासिस या सगळ्यांना नंबर असतात आणि मोजणी बहुतेक ठिकाणी शून्यापासून होते. ‘सर, दोन नंबर बंद करतोय’ असे फोनवर म्हटले तर पलीकडचा माणूस सेल दोन समजू शकतो, किंवा रांगेतला दुसरा रॅक. पार्टिशनचे नाव आणि नंबर दोन्ही बोला, आणि पलीकडच्याकडून परत वदवून घ्या.

वेळ कोणती घ्यावी

भोसरी आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे कारखान्याच्या सिस्टीमसाठी बुधवारची रात्र सोयीची. पण गुरुवारी विजेची देखभालीची कामेही निघतात. सर्व्हर रूमच्या इमारतीत तसे काही ठरलेले नाही ना, हे विचारून घ्या. अनंत चतुर्दशी आणि पालख्यांच्या मुक्कामाचे दिवस टाळा. काम दूर बसून होणार असले तरी काही अडले तर कोणालातरी मशीनपाशी पोहोचावे लागते आणि त्या दिवशी शहरातले निम्मे रस्ते बंद असतात. मार्चअखेर अर्थातच नको.

तुम्ही कुठे बसला आहात?

पाररिमूव्ह दोनच परिस्थितींत चालते. एक, जे काढायचे ते एनपार दुसरे आहे आणि ते निष्क्रिय आहे. दोन, जे काढायचे त्याच एनपारवर तुम्ही स्वतः लॉगिन आहात. दुसरे एनपार चालू आहे आणि तुम्ही इथून ते काढू बघता, हे चालत नाही. आज्ञा नाकारली जाते. हे बंधन चांगलेच आहे.

‘निष्क्रिय’ याला इथे नेमका अर्थ आहे. ऑपरेटिंग सिस्टीम थांबली एवढ्याने भागत नाही. एनपारचे सगळे सेल बूट होण्याआधीच्या टप्प्यावर अडवून ठेवलेले असले पाहिजेत. एमपीच्या पडद्यावर याला ‘बूट इज ब्लॉक्ड’ म्हणतात आणि मॅन्युअलमध्ये ‘शटडाउन फॉर रीकॉन्फिग’. नुसते हायफन लहान एच देऊन हॉल्ट केल्यावर काय होते हे पीए-रिस्क आणि इटॅनियम या दोन जातींच्या प्रोसेसरच्या मशिन्सवर सारखे नाही, म्हणून त्यावर विसंबू नका. दोन्हीकडे चालणारी रीत अशी: आधी सीडी करून रूट डिरेक्टरीत या, कारण तिथून दिल्याशिवाय शटडाउन चालतच नाही. मग शटडाउन, हायफन मोठा आर, हायफन मोठा एच. मोठा आर म्हणजे नव्या मांडणीसाठी रीसेट कर, मोठा एच म्हणजे त्यानंतर उठू नकोस, थांबून राहा. एच विसरलात तर तो रीबूटचाच आदेश होतो.

एनपारवर लिनक्स किंवा विंडोज असेल तर सिस्टीम नेहमीसारखी रीबूट करा, बूटआधीच्या ईएफआय शेलवर थांबवा आणि तिथे रीकॉन्फिगरीसेट द्या. जुन्या पीए-रिस्क मशीनवर हीच आज्ञा बूटआधीच्या बीसीएच मेनूत मिळते.

पद्धत पहिली: दुसऱ्या एनपारवरून

ही मला अधिक आवडते, कारण काढून झाल्यावर तपासायला तुम्ही जिवंत सिस्टीमवर बसलेले असता. समजा कॉम्प्लेक्समध्ये एनपार शून्यावर ईआरपी आहे आणि एनपार एक, नाव ‘चाचणी’, काढायचे आहे.

एनपार एकवर लॉगिन करून हायफन लहान डब्ल्यूने नंबर पुन्हा बघा. होस्टनेम बघा. दोन्ही जुळले की वर सांगितलेले शटडाउन द्या.

दुसऱ्या खिडकीत एमपीचे कन्सोल उघडे ठेवा. एनपारच्या कन्सोलवर असाल तर कंट्रोल आणि बी दाबून मुख्य मेनूत येता. तिथे व्हीएफपी, म्हणजे व्हर्च्युअल फ्रंट पॅनेल, निवडा आणि एनपार एक निवडा. सेल एकेक करून थांबलेले दिसतील. सगळे अडलेल्या अवस्थेत दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. मोठ्या मेमरीच्या सेलला याला वेळ लागतो. घाईने एमपीवरून काहीतरी रीसेट करायचा मोह होतो, तो आवरा.

ऑपरेटिंग सिस्टीम थांबली, पण सेल काही केल्या निष्क्रिय होत नाहीत, अशा वेळी एमपीच्या कमांड मेनूत आरआर आज्ञा आहे. ती एनपारला रीसेट करून अडवून ठेवते. चालू सिस्टीमवर आरआर देणे म्हणजे वीज खेचण्यासारखेच आहे, म्हणून सिस्टीम खरोखर थांबली आहे हे कन्सोलवर वाचल्याशिवाय देऊ नका. आरआर कोणत्या पार्टिशनला द्यायचे ते विचारते. तिथे चुकून शून्य टाइप झाले तर ईआरपी पडते.

आता एनपार शून्यावर रूट म्हणून या. पारस्टेटस, हायफन मोठा पी द्या. एनपार एकच्या ओळीत ‘इनअॅक्टिव्ह’ दिसले की आज्ञा द्या:

पाररिमूव्ह, हायफन लहान पी, १

आज्ञा लगेच संपते. पुन्हा हायफन मोठा पी दिले तर एनपार एकची ओळच नसेल.

परवानगी नाकारली गेली आणि तुम्ही रूट असाल, तर एमपीवर पारपर्म तपासा. ही एमपीची आज्ञा आहे. तिने बंधन घातलेले असेल तर एका एनपारवरून दुसऱ्याच्या मांडणीला हात लावता येत नाही. वेगवेगळ्या खात्यांना एकाच कॉम्प्लेक्समध्ये जागा दिलेली असते तिथे हे बंधन मुद्दाम असते. ते स्वतःच्या अधिकारात उठवू नका. ज्याने घातले त्याला विचारा, किंवा दुसरी पद्धत वापरा.

पद्धत दुसरी: त्याच एनपारवर बसून

आपण जिथे बसलो आहोत तेच काढायचे असल्यामुळे आज्ञेत जबरदस्तीचा ऑप्शन लागतो:

पाररिमूव्ह, हायफन मोठा एफ, हायफन लहान पी, १

मोठ्या एफशिवाय ती चालू पार्टिशन काढायला तयार होत नाही. दिल्यावर संदेश येतो की आता शटडाउन, मोठा आर, मोठा एच द्या. पार्टिशन शटडाउननंतरच काढले जाईल. इथे नवे लोक गोंधळतात. सिस्टीम अजून चालू आहे, लॉगिन आहे, अॅप्लिकेशन चालते आहे, म्हणून ‘आज्ञा लागली नाही’ असे वाटते आणि ते पुन्हा पुन्हा देत बसतात. आज्ञा लागलेली आहे. बदल रांगेत आहे. सेल निष्क्रिय होईपर्यंत तो अमलात येत नाही आणि तोवर कॉम्प्लेक्स प्रोफाइलला कुलूप राहते. त्या काळात दुसऱ्या एनपारवरचा तुमचा सहकारी काही बदल करू गेला तर त्याला अडथळा येतो. म्हणून मोठ्या एफची आज्ञा आणि शटडाउन एकापाठोपाठ द्या. संध्याकाळी आज्ञा देऊन ‘शटडाउन रात्री करू’ म्हणत घरी जाऊ नका.

विचार बदलला, किंवा शेवटच्या क्षणी कोणी थांबवले, तर शटडाउनच्या आधी पारअनलॉकने कुलूप काढून रांगेतला बदल रद्द करता येतो. त्याचे ऑप्शन मॅन पेजवर वाचून मगच द्या, कारण त्यात सगळी कुलपे एकदम काढणारा ऑप्शनही आहे आणि त्याने दुसऱ्या कोणाचा अर्धवट बदलही उडू शकतो.

कॉम्प्लेक्समध्ये हे शेवटचेच एनपार असेल, तर एक गोष्ट आधी ठाऊक असू द्या. ते काढल्यावर एकही ऑपरेटिंग सिस्टीम उरत नाही. पुढचे पार्टिशन बनवायचे तर एमपीच्या कमांड मेनूत सीसी आज्ञा देऊन ‘जेनेसिस पार्टिशन’ बनवावे लागते. ते एका सेलचे असते. त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम चढवून मग बाकीची मांडणी. मशीन कायमचे बंद करायचे असेल तर हरकत नाही. नसेल तर एमपीचा पासवर्ड तुमच्याकडे आहे आणि तो चालतो, याची खात्री आज्ञा देण्याआधी करा.

काढल्यानंतर

मोकळे सेल बघायला पारस्टेटस, हायफन मोठा ए, हायफन मोठा सी. मोकळ्या सेलच्या पार्टिशन नंबरच्या रकान्यात नुसती आडवी रेघ असते. एमपीवर सीपी आज्ञा दिली तर कोणता सेल कोणाचा याचा तक्ता येतो, तिथेही ताडून घ्या. आधी घेतलेला उतारा शेजारी ठेवा. जेवढे सेल त्या एनपारचे होते तेवढेच मोकळे दिसले पाहिजेत, एक कमी नाही, एक जास्त नाही.

हे सेल दुसऱ्या एनपारला द्यायचे असतील तर घाई करू नका, विशेषतः तिथे ओरॅकल असेल तर. ओरॅकल एनपारला हार्ड पार्टिशन मानते, म्हणजे लायसन्स त्या एनपारमधल्या कोअरवर मोजले जाते. ‘सेल मोकळाच आहे, ईआरपीला टाकून देऊ’ या एका ओळीच्या कामाने लायसन्सचे बिल वाढते. इन्स्टंट कपॅसिटीचा, म्हणजे लागतील तसे कोअर विकत घेण्याचा, करार असेल तर आयकॅपस्टेटसही बघून घ्या. हा निर्णय तांत्रिक टीमने एकट्याने घ्यायचा नाही.

सेल कोणालाच द्यायचे नसतील तर ते चालू ठेवून वीज आणि एसी खर्च करण्यात अर्थ नाही. फ्रूपॉवर, हायफन लहान एफ, हायफन लहान सी आणि सेलचा नंबर दिला की तो सेल बंद होतो. बोर्ड बाहेर काढायचा असेल तर फ्रूलेडने त्याचा दिवा लावून ठेवा, म्हणजे सर्व्हर रूममधला माणूस योग्य बोर्डलाच हात लावेल.

मग बाकीची आवराआवर: सॅन स्विचवरचे झोन, स्टोरेजवरचे मास्किंग, डीएनएस, मॉनिटरिंग, बॅकअपचे शेड्यूल. मॉनिटरिंग राहिले तर रात्रपाळीच्या माणसाला नसलेल्या सर्व्हरचा अलार्म येत राहतो. लन मात्र मालकाची लेखी मंजुरी येईपर्यंत तसेच ठेवा.

नव्या मशिन्सवर

सुपरडोम २ वर सेलच्या जागी ब्लेड आले, आणि एनपारच्या याच नावांच्या आज्ञा ऑनबोर्ड अॅडमिनिस्ट्रेटरच्या, म्हणजे तिथल्या एमपीच्या जागच्या नियंत्रकाच्या, कमांड लाइनवर मिळतात. २०१७ मध्ये आलेल्या सुपरडोम फ्लेक्सवर एचपी-यूएक्स नाही आणि पार-कुटुंबातल्या आज्ञाही नाहीत. तिथे रॅक मॅनेजमेंट कंट्रोलरवर लॉगिन करून शो एनपारने यादी बघतात, ऑपरेटिंग सिस्टीम थांबवून पार्टिशनची पॉवर बंद करतात आणि रिमूव्ह एनपार देऊन पुढे पी-नम बरोबर नंबर लिहितात. आज्ञेचे रूप बदलले तरी क्रम तोच आहे: आधी चौकशी, मग उतारा, मग पूर्ण थांबवणे आणि त्यानंतर काढणे. तिथल्या नंबरांनाही नाव जोडूनच बोला.